एकतिसावा प्रश्न

३ जुलै, गुरुवार

एकसष्ट! जमातींवरची जुनी पानं वाचून मी तक्त्यात भरलेल्या शंभर उत्तरांपैकी एकसष्ट चिउ बाईंच्या तक्त्याशी जुळली. पास व्हायला ऐंशी लागतात. मागच्या खेपेला त्रेसष्ट होती. म्हणजे मी शिकतेय की विसरतेय?

बाई म्हणाल्या, "सावमाह, अठराला शेवटची परीक्षा. मग माझ्या हातात काही नाही." साठ जमातींची तुलना, दोन वर्षांचं काम, फायलींच्या खोलीची किल्ली – सगळं त्या एका आकड्यावर. आणि मी गावातली शाळेची नोकरी सोडून तायपेईला येऊन बसलेय!

४ जुलै, शुक्रवार

यी-जूनला एक्क्याण्णव. माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते, ताइनानची आहे, आणि इतकं हळू बोलते की मधेच एक डुलकी काढून घ्यावी. आज जेवणानंतर माझा तक्ता ओढून घेतला. सायबेरियातल्या रेनडिअर पाळणाऱ्यांचं पान होतं. 'तान्ह्या मुलाला कोण सांभाळतं?' मी लिहिलं होतं, आजी.

"आजी कुठे लिहिलीय?"

"अगं, आई जनावरांमागे गेल्यावर आजीच सांभाळणार ना!"

"पानावर आजी आहे का?"

नव्हती.

"मग नऊ टाक." नऊ म्हणजे पानावर माहिती नाही. मला नऊ टाकायची लाज वाटते. अभ्यास न करता आल्यासारखं वाटतं.

८ जुलै, मंगळवार

आज सरावाला आमचीच पानं! आमिस लोकांची, जपानी अमदानीतली जुनी पाहणी. म्हटलं, आता बघाच. वीस मिनिटांत तक्ता भरून, हात झटकून मोकळी झाले.

अठ्ठेचाळीस.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "तू पान वाचलंच नाहीस पोरी. तू आठवत बसलीस."

एकतिसावा प्रश्न – लग्न मोडलं तर घर कोण सोडतं, कुणाच्या इच्छेने? मी ठोकून दिलं: नवरा, स्वतःच्या इच्छेने. आमच्यात नवराच बायकोच्या घरी नांदायला येतो; पानावर एवढंच होतं की तो आपल्या आईच्या घरी परत जातो. इच्छा कुणाची, त्यावर अवाक्षर नाही.

"हे कशावरून?" यी-जूनने विचारलं.

"माझ्या घरावरून!" मी ओरडलेच. "मी चार वर्षांची असताना बाप आम्हाला टाकून गेला. आणखी काय पुरावा हवा?"

तिने आपल्या डब्यातल्या पेरूच्या फोडी माझ्याकडे सरकवल्या. आणि मग पुन्हा, त्याच संथ आवाजात – "तू पाहिलंस?"

पेरू खाल्ले. तिच्याशी बोलले नाही.

९ जुलै, बुधवार

आजही बोलले नाही.

१० जुलै, गुरुवार

मामाला फोन केला. अठ्ठेचाळीस ऐकून तो खिंकाळलाच. "आमिस असून आमिसमध्येच नापास! मामाचं नाक कापलंस गं!"

म्हटलं, चूक त्या पाहणीवाल्याची आहे, त्याने अर्धंच लिहिलंय.

"त्याने माझ्या आजोबांना विचारलं असेल तर अर्धंसुद्धा खरं नसेल. म्हातारा थापाड्या होता एक नंबरचा! तू पास हो आणि घरी ये. आईने डुकराचं मांस मिठात घातलंय, मुरलं की मी संपवणार."

१४ जुलै, सोमवार

यी-जूनशी शुक्रवारीच बोलले. तिची युक्ती अशी: ओळीखाली पट्टी धरायची, उत्तर ज्या शब्दात असेल त्यावर बोट ठेवायचं, बोट ठेवायला जागा नसेल तर नऊ. तीन दिवस हेच करतेय. नऊच नऊ!

आणि गंमत म्हणजे, हलकं वाटतं. जगातल्या सगळ्या जमातींचं मलाच ठाऊक असलं पाहिजे, हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं कुणी होतं?

१८ जुलै, शुक्रवार

अठ्ठ्याऐंशी! अठ्ठ्याऐंशी!!

बाईंनी किल्ली दिली, सही घेतली, आणि खोलीत चहा न्यायचा नाही म्हणून दम भरला. यी-जूनने मिठी मारली. "नऊ नंबरची महाराणी!" खोलीवर आले आणि बूटही न काढता भर दुपारी झोपले. देवा, सुटले! दोन आठवडे छातीवर कुणीतरी बसलं होतं ते उठलं.

१९ जुलै, शनिवार

गावी. आईच्या हातचा चिकट भात, खारं मांस, रानातली कडू भाजी. तीनदा वाढून घेतलं. मामा किल्ली बघून म्हणाला, "एवढीशी? मला वाटलं तिजोरीची असेल."

२० जुलै, रविवार

आई अंगणात बांबूचे कोंब सोलत होती. एकतिसावा प्रश्न तिला विचारला, तक्त्यात आहे तसाच. विचारून गप्प बसले.

"त्याचा कोयता आणि पिशवी मीच दाराबाहेर ठेवली. दारू थांबेना. तीन दिवस उंबऱ्याशी बसून होता, पोरीला एकदा उचलून घेऊ दे म्हणत. मी दार उघडलं नाही."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू तर मलाच सांगायचीस, बाप टाकून गेला म्हणून."

बापाचा पत्ता मामाकडे आहे. ताओयुआनला असतो, दारू सोडून नऊ वर्षं झाली. मंगळवारी जाते.