बोनकोड्याच्या विहिरीची नियमावली

बुध. १ मे १९८५. कारखान्याला सुट्टी.
बोनकोड्यात भाड्याने येऊन तीन आठवडे झाले. नळ नाही. सगळं गाव एकाच विहिरीवर. माझ्या पोस्टाने चाललेल्या एम.ए.च्या नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय: जे सगळ्यांचं, ते कोणाचंच नाही, जो तो ओरबाडतो आणि संपवतो. पाणी तळाला चाललंय. गावाला पत्ता नाही. नशीब, मी आलो.

गुरु. २ मे.
नियमावली तयार. कलमं सतरा. मुख्य: घरटी दोन हंडे. बायकोला, सुचित्राला, वाचून दाखवली. ती म्हणाली, विहिरीवर दोनच भरतात. म्हटलं, योगायोग. ती भाजी निवडायला बसली.

रवि. ५ मे. सकाळी ६.
नियमावली पुठ्ठ्यावर लिहून नेली. रांग एकदम सरळ, ढकलाढकली नाही. पहिल्याच दिवशी एवढा इफेक्ट! बायजाबाई नावाची म्हातारी नुसती काठावर बसून असते. कलम चार: कामाशिवाय थांबू नये. सौम्यपणे समजावलं. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि त्यावरच बसल्या.

गुरु. ९ मे.
तीन दिवस ताप. देखरेख शून्य. तरी सुचित्रा म्हणते, रांग होती तशीच. म्हणजे माझे नियम आता माझ्याशिवायही चालतात. यावर पेपर लिहायला हवा.

रवि. १२ मे. दुपारी २.
सासुरवाडीची पाच माणसं आली. विहिरीवर कोणी नव्हतं. तिसरा हंडा भरला. आधी घरीच कलम अठरा जोडलं: संस्थापकास अपवाद. सगळं कायदेशीर. चौथाही भरला.

सोम. १३ मे.
सकाळीच बायजाबाई दारात, मागे चार बायका. पाणी तिसऱ्या पायरीखाली गेलं की घरटी दोन हंडे, हे म्हणे त्यांच्या सासूच्या आधीपासून. त्या काठावर बसतात त्या मोजायला. जास्त भरणारा विहिरीत उतरून चिखल काढतो. मी कलम अठरा दाखवलं. ठरवताना कोण कोण होतं, असं त्यांनी विचारलं. मी, म्हटलं.
"मंग बाकी गाव कुटं हाय यात?"
मी उलट विचारलं, चुगली कोणी केली? सुचित्राने. रांगेतली बाई रांगेशी खोटं बोलत नाही, म्हणाली. आणि माझी जुनी चड्डी काढून ठेवली.

रवि. १९ मे.
विहिरीत उतरलो. याला फील्डवर्क म्हणतात. बावीस टोपल्या चिखल. अख्खं गाव बघायला. अकराच्या सुमारास एक झरा मोकळा झाला, पाणी वीतभर चढलं. वर बायका हसत होत्या, मीही. मग तांदळाची भाकरी, सुकट, चहा. एवढी चवदार शिक्षा कोणत्याच नोट्समध्ये नाही.
वातावरण अनुकूल बघून बायजाबाईंना विचारलं, विहिरीच्या कामात माझं पद काय राहील?
त्यांनी खाली वाकून बघितलं.
"भाव, चिखल आजून हाय. पुढच्या रविवारी बी या."