बॉनेटवरची हळद

आई, आज खंडेनवमी. सकाळीच कॉम्प्रेसर पुसला, स्प्रे गनला झेंडूचा हार घातला आणि हळदीची वाटी हातात धरून उगाच उभी राहिले. ही वाटी तुझी. खर्ड्याहून एसटीनं येताना पदराखाली धरून आणायचीस, जसं काही नगरात हळद मिळतच नाही.

एमआयडीसीतला माझा गाळा तुला कधी नीट कळला नाही. पोरगी गाड्या रंगवते, एवढंच तू गावात सांगायचीस. कार्बन फायबरचं पहिलं बॉनेट पाहून म्हणालीस, ही तर काळी घोंगडीच की! मी हसले, पण तुझं खोटं नव्हतं. धाग्यांची वीणच असते ती, वर रेझिनचा थर. उन्हानं रेझिन पिवळं पडतं, मग मी ते घासते आणि वरून पारदर्शक क्लिअर कोट मारते. खालची वीण पुन्हा काळीभोर दिसायला लागते.

एका खंडेनवमीला असंच एक बॉनेट आदल्या संध्याकाळी क्लिअर कोट मारून ठेवलं होतं. वरून सुकलेलं, आतून कच्चं. मी चहा आणायला गेले तेवढ्यात तू सगळ्या हत्यारांची पूजा उरकलीस आणि बॉनेटलाही सोडलं नाहीस. हळदीची पाच बोटं! पुसून बघितलं, तर मुरलेली. पिवळेपणा काढायला आलेलं बॉनेट तू परत पिवळं करून ठेवलंस. माझं तोंड तुला माहीतच आहे. गिऱ्हाईक दारात उभं होतं, तरी मी म्हणाले, "तू हात लावलास की नासतंच सगळं."

तू एवढंच म्हणालीस, "उन्हात ठिव बाई. हळद उन्हानं उडती."

ठेवलं उन्हात, पण तुझं ऐकून नाही, रागानं. दुसऱ्या दिवशी घासायला घेतलं, तेव्हा तू शेजारी पाट घेऊन बसलीस आणि दिवसभर माझ्या वॉटर पेपरवर तांब्यानं पाणी सोडत राहिलीस. पुढचे दोन दसरे आलीस, ते उंबऱ्याबाहेरच उभी राहायचीस, बोटं पदरात गुंडाळून. ये की आत, म्हटलं तर म्हणायचीस, "नको, लागंल माझा हात." तिसऱ्या दसऱ्याला तू नव्हतीस. मला फार आठवण येते तुझी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, वाटीखालीच ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय. पूजेच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत हळद उडाली होती, आई. शोधूनही सापडेना. मी घासलं ते डागासाठी नव्हतं. गन फार जवळ धरल्यानं खालच्या कडेला क्लिअर कोटचा ओघळ आला होता, आणि तो मी पूजेच्या आधीच पाहिला होता. तू पाणी सोडत होतीस, मी मान खाली घालून माझा ओघळ घासत होते, आणि तुला वाटू दिलं की तुझीच बोटं घासतेय.