आमेनच्या आधी पाणी

इलेशा, डिसेंबर

प्रिय रोंके,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, घरात कुणी गेलेलं नाही. आपले बाबा ठणठणीत आहेत. रोज सकाळी मक्याची पेज पितात आणि ती पातळ झाली म्हणून माझ्यावर खेकसतात. बाजारातलं माझं कापडाचं दुकान नाताळामुळे जोरात चाललंय. थंडी मात्र यंदा लवकर आली. उत्तरेच्या वाळवंटाची धूळ घरभर बसते, ओठ फुटतात आणि पहाटे रांजणातलं पाणी हाताला झोंबतं. या थंडीची मला भीती वाटते. का, ते तुला सांगायला नको.

दुरो आता चौदा वर्षांची झाली. तुझ्याएवढी उंच आणि तुझ्यासारखीच फटकळ. तिचं नाव दुरोजाये ठेवलं, 'थांब, जगून घे', तेव्हा बारशालाच तू म्हणाली होतीस, "ताई, हे नाव आहे की विनवणी?" विनवणीच होती गं. आमच्या कोकुमोचं नावही तसलंच, 'हा काही आता मरणार नाही.' त्याच्या आधीची दोन गेली होती ना. पुढे दवाखान्यात कळलं की कोकुमोला आणि दुरोला, दोघांनाही सिकल सेल आहे, थंडीने किंवा अंगातलं पाणी कमी झालं की उसळणारं रक्ताचं दुखणं, निम्मं बापाकडून आलेलं, निम्मं माझ्याकडून. तोवर आम्ही नुसत्या नावांवर भरवसा ठेवून बसलो होतो.

तो दिवस मी मनातल्या मनात किती वेळा घोकला असेन. एफोनच्या टेकडीवर चर्चचं मुलांचं शिबिर होतं, आणि मुलांना सांभाळायला त्यांची सख्खी मावशी, तू, म्हणून तर मी निर्धास्त होते. उपासाच्या दिवशी पास्टर म्हणाले, ज्याची श्रद्धा पक्की तो सूर्य मावळेपर्यंत पाण्यालाही शिवणार नाही. कोकुमोची श्रद्धा पक्कीच होती. त्याहून पक्की होती त्याची जिद्द, कुणी आपल्याला आजारी म्हणू नये ही. तू त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरलास, हे मला ठाऊक आहे. तो म्हणाला, "मावशी, सगळ्यांसमोर नको ना," आणि तू पेला परत नेलास. दुपारी पाय दुखायला लागले, मग छाती. पोरांनी त्याच्याभोवती रिंगण धरलं आणि प्रार्थना सुरू झाली. आपल्याकडे चालू प्रार्थना तोडणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार लावणं. गाडी एकच, किल्ली पास्टरांच्या खिशात आणि पास्टर डोळे मिटून उभे. तू आमेनची वाट बघत राहिलीस. आमेन झालं, गाडीही निघाली, पण पोरगं उतारावरच गेलं.

दफनाच्या वेळी सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू खरंच दाखवलं नाहीस. बाजारातल्या बायकांनी मला 'कोकुमोची आई' म्हणणं सोडलं. एका आठवड्यात मी सगळ्यांची 'दुरोची आई' झाले. त्यांनी ते मायेपोटीच केलं, पण मला त्या हाकेची दहशत बसली. आता एकच नाव उरलंय. तेही गेलं तर या बायका मला काय म्हणून हाक मारतील?

रोज सकाळी मी दुरोचे डोळे तपासते, पिवळे तर नाहीत ना. ती नुसती खाकरली तरी माझ्या हातातली कात्री पडते. शाळेच्या शर्यती बंद, ओढ्यावर पोहणं बंद, मैत्रिणीकडे राहणं बंद. परवा ती मला म्हणाली, "आई, तू मला मरू देत नाहीस हे बरोबर, पण जगू तरी कुठे देतेस?" बाबा पेज पिता पिता म्हणाले, "घ्या! आता द्या उत्तर."  मी चुलीपाशी जाऊन उगाच भांडी आपटली.

त्यानंतर दुकानात एक गिऱ्हाईक आलं, तोंडाची टकळी चालू. "अहो, त्या टेकडीवरच्या शिबिरात एक मावशी आहे, डोक्यावर परिणाम झालेली! उपासवाल्या पोरांच्या मागे बादली घेऊन फिरते. पोरं तिला पाणीमावशी म्हणतात. म्हाताऱ्या पास्टरांना तोंडावर म्हणाली, पाणी पिऊन उपास होणार असेल तर करा, नाहीतर मी पोरं घेऊन खाली उतरते. दवाखान्यात जाऊन प्रथमोपचार काय शिकली, गाडीची किल्ली गळ्यात काय बांधली! प्रार्थनेलासुद्धा डोळे मिटत नाही म्हणे, पोरांकडे बघत बसते." बाई खो खो हसत होती. मी तिला वारभर कापड जास्तच कापून दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

आता नीट वाच. दुखायला लागलं की दुरो "काही नाही" म्हणून हसते, पण खालचा ओठ दातात धरते. ते दिसलं की ओळख. पाणी ती मागणार नाही, लाजते, तूच देत राहा. गार पाण्याने आंघोळ नाही, पहाटेच्या प्रार्थनेला दोन स्वेटर. थोडं दुखलं तर पांघरूण, कोमट पाणी आणि तिच्या डबीतली गोळी. पण ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, बोलताना जीभ अडखळली, हात किंवा पाय लुळा पडला, तर कुणालाही विचारू नकोस, मलाही नाही. प्रार्थना गाडीतसुद्धा करता येते. आणि तिला सारखी सावलीत बसवून ठेवू नकोस. तिला गायचंय, गाऊ दे.

बाबा सोडले तर सगळे म्हणतात, वेड लागलंय हिला, त्याच बाईच्या हाती दुसरंही पोर देते. मी खूप विचार केला, रोंके. ज्या हातांतून माझा कोकुमो गेला, त्या हातांइतके सावध हात मला दुसरे कुठे सापडायचे? मला भीती वाटते.  पण इतकी वर्षं ही भीती आपण दोघींनी वेगवेगळ्या घरांत वाहिली, आता एकत्र वाहू. हे पत्र टपालाने येणार नाही. आणणारीला उघडू नकोस म्हणून बजावलंय, म्हणजे तिने ते वाटेत वाचलेलंच असणार. वर बघ. समोर उभी आहे ना, ती दुरो. रड नंतर. टेकडी चढून आलीय, आधी तिला पाणी दे.

तुझीच ताई,
कोकुमोची आणि दुरोची आई