दुधाआधीची चव

६ जानेवारी

पोचले एकदाची! बाळकुमहून निघताना आईने हातावर दहीसाखर ठेवली आणि बजावलं, नातेवाइकांत कुणी विचारलंच तर 'प्राण्यांवर संशोधन' एवढंच सांगायचं, डुकरांचं नाव काढायचं नाही. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे ना! खोपटहून एसटीने कल्याण, तिथून रिक्षाने आंबिवलीच्या मागे टेकडीच्या पायथ्यापर्यंत. केंद्र छोटं पण चकचकीत आहे. सहा गाभण डुकरिणी, भिंतीचं मोकळं आवार, माझी खोली, आणि माणसं मोजून दोन: प्रमुख उत्तरा मॅडम आणि जनावरांचं सगळं बघणारे गुणाजी.

कामही मनासारखं. शेवटच्या महिन्यात आई जे खाते त्याची चव पिल्लाला पोटातच कळते, आणि दूध तुटल्यावर त्याच वासाचं खाणं ते आधी खातं. म्हणून डुकरिणींना महिनाभर ओवा चालू आहे. पिल्लं ओव्याच्या खुराकावर सुखाने वळली, तर उपासमार नाही, चिडचिड नाही, एकमेकांच्या शेपट्या चावणं नाही. मग जन्मल्याबरोबर त्यांच्या शेपट्या आणि सुळे कापायचं कारणच उरणार नाही. एवढ्याशा जिवांना पहिल्याच दिवशी कात्री लावतात, याचा मला फार राग येतो. हे थांबवायचंच.

माझ्या आधीचा मुकुल डिसेंबरात न सांगता निघून गेला म्हणे. त्याचाच एप्रन मला मिळाला. तो धुवायचा नाही हा मॅडमचा नियम, कारण ओळखीच्या वासाला जनावरं बुजत नाहीत. शी! पण करणार काय. वही कायम एप्रनच्या खिशात ठेवायची, दिसेल ते तिथल्या तिथे टिपायचं. रोजनिशीसुद्धा मी त्याच वहीत लिहायची ठरवली आहे.

१३ जानेवारी

दोन दिवसांत चोपन्न पिल्लं! मी झोपलेली नाही, तरी मजेत आहे.

एक वाद झाला. गुणाजी पक्कड घेऊन आले. मी आडवी उभी राहिले. ते एरवी गरीब माणूस, पण आज हात जोडून मागे लागले, की ताई, ह्या वेळेला तरी दात कापून टाकू द्या. ह्याच वेळेला का, ते मात्र सांगेनात. उत्तरा मॅडमनी एका शब्दात माझ्या बाजूने निकाल दिला. गुणाजी पक्कड तिथेच टाकून निघून गेले. जिंकले मी!

९ फेब्रुवारी

आज पिल्लांचं दूध तोडलं आणि पहिली चाचणी घेतली. एका थाळीत ओव्याचा खुराक, दुसरीत साधा. मी मध्ये बसले. मॅडम भिंतीवरच्या मचाणावरून बघत होत्या.

चोपन्नपैकी एकही थाळीकडे गेलं नाही. सगळी माझ्याकडे आली. एप्रनला नाकं लावली, चाटलं, मग चघळायला लागली. मला आधी वाटलं, महिनाभर संगोपन केलं म्हणून जीव लावलाय. हसून वर पाहिलं, तर मॅडम भराभर लिहीत होत्या. थाळ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एप्रनची कड फाटली, मांडीला दोन दात लागले. रक्त आलं. माझा महिन्याचा प्रयोग फसला आणि मॅडम खूश दिसतात, हे काही मला समजत नाही.

१० फेब्रुवारी



सगळ्यात अशक्त पिल्लू सकाळी गारठलं होतं. तासभर एप्रनमध्ये गुंडाळून पोटाशी धरलं. ऊब आल्यावर भावंडांत सोडलं. त्यांनी त्याला हुंगलं आणि तुटून पडली. शेपटी नाही, कान नाही, सरळ पोट फाडलं. ते जिवंत होतं, ओरडत होतं. मी ओढून काढायला गेले तर हातात फक्त मागचे दोन पाय आले. आतडी तोंडात धरून पळत होती पिल्लं, माझी पिल्लं, ज्यांचे दात मी कापू दिले नाहीत.

मॅडमनी एकच विचारलं. एप्रनमध्ये नेमकं किती मिनिटं होतं?

११ फेब्रुवारी

गुणाजींनी सांगितलं. रडत रडत सांगितलं.

मुकुल कुठे गेलेला नाही. अठरा डिसेंबरला गुणाजी भाचीच्या साखरपुड्याला गेले आणि डुकरिणींचा खुराक राहिला. दुपारी मुकुल आवारात शिरला, पाय घसरला, डोकं गव्हाणीवर आपटलं. गुणाजी आले तेव्हा बूट होते आणि जबडा होता. एप्रन तेवढा त्या दिवशी खोलीत खुंटीवरच राहिला होता. मॅडमनी ते टेकडीवर पुरायला लावलं. उपाशी ठेवल्याचा दोष तुमच्यावरच येईल, असा गुणाजींना धाक घातला.

शेवटचा महिना. आई जे खाते ते —

ओवा नाही. पिल्लांना मुकुल हवा आहे. आणि मी महिनाभर त्याचा घाम अंगावर घालून फिरतेय.

उद्या पोलिसांत जाणार. गुणाजी सोबत येतो म्हणाले.

१२ फेब्रुवारी, सकाळ

फाटकाची वाट आवारातूनच जाते. गुणाजी पुढे जाऊन फाटकाबाहेर थांबले होते. मी मध्यावर असताना उत्तराने दोन्हीकडून कड्या घातल्या. डुकरिणी दोन दिवस उपाशी आहेत, गुणाजींना तिने गोदामाची किल्लीच दिली नव्हती.

एप्रन काढून फेकला. क्षणात चिंध्या. मग सहाही माझ्याकडे वळल्या. वास माझ्या अंगात मुरलाय.

खुराकाच्या रिकाम्या पिंपावर चढले आहे. वही हातात होती म्हणून —

नंतर

गुणाजी भिंतीवरून उडी मारून आले. काठी घेऊन. मला म्हणाले, पळा. एकीने त्यांचा गुडघा धरला. हाड मोडल्याचा आवाज झाला. ते खाली पडले. मग चेहरा — ओरडणं थांबलं तरी हात हलत होता.

ती वर मचाणावर आहे. घड्याळ लावलंय. मला म्हणते, लिहीत राहा, फार चांगल्या नोंदी करतेस.

लिहितेच. मुकुलला हिने लपवलं. गुणाजींना हिने मारलं. वाचणाऱ्याने बाळकुमला माझ्या आईला सांगा, मी शेवटपर्यंत —

पिंप हलतंय. खालून ढुशा देतायत.

तिने दोरी ओढली. पिल्लांचं दार उघडलं.

त्रेपन्न. गुणाजी वाटेतच पडलेत, उघडे, गरम. एकही थांबलं नाही. त्यांच्यावरून उड्या मारून सरळ माझ्या —

पिंप कलल