मी पोट सांगितलं

जळगाव, ९ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार.

आईचं गर्भाशय खाली सरकलं आहे. इथल्या डॉक्टरबाईंनी काल तपासून पक्कं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल. आई जेवते, बोलते. केळीच्या कापणीला बागेत कोण आहे, एवढंच सारखं विचारते.

हे फोनवर सांगितलंच. उरलेलं लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलली असतीस आणि मी थांबलो असतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईने तुला सांगितलं होतं, "अंग बाहेर येस." तू मला कळवलंस, वर टोमणा मारलास, "विज्ञान शिकवतोस ना रे? मग डॉक्टरपुढे दातखीळ बसू देऊ नको."

मग मी आईला चोपड्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आई तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "पोटात दुखतं." त्यांनी विचारलं, "नेमकं कुठे?" मी माझ्याच पोटावर हात ठेवून दाखवलं. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तुला मी सांगितलं, औषध चालू आहे.

हे कळल्यावर काल इथल्या डॉक्टरबाई चिडल्या. "अहो सर, आमच्याकडे आधी अवयवाचं नाव येतं, मग त्याला काय झालं ते. सूज, खडा, सरकणं, सगळं त्याच्या मागून. अवयवच चुकीचा सांगितलात, तर आम्ही तपासायचं काय?" बाहेर आलेला भाग घासून जखम झाली आहे. वेळेवर कळतं, तर आत आधाराची रिंग बसवून भागलं असतं.

आई एकदम म्हणाली, "पोरले काय बोलतस, डॉक्टरबाई? मन्हं पोटच दुखे."

अक्का, ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिला बोलू दिलं.

दहावीचं प्रजननाचं प्रकरण मी दरवर्षी "घरी वाचून या" म्हणून सोडतो. मुली खाली बघतात, असं कारण देतो. खाली मीच बघतो.

जखम भरली की वीस तारखेला, सोमवारी ऑपरेशन. त्याआधी काय काढणार आणि कुठून, हे आईला तिच्या बोलीत समजावायचं काम डॉक्टरबाईंनी मलाच दिलं आहे. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी मी तिच्यापाशी बसणार आहे. ती विचारेल, आणि मला नाव घेऊन सांगावं लागेल. तू सकाळीच धुळ्याहून ये. शेजारी बस, पण माझ्याऐवजी बोलू नकोस.

रागावलीस तरी ये.

तुझाच,
हितेंद्र