'हजर' म्हणायला दोन मिनिटे मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
फिरते वाचा-उपचार पथक,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : यादीतून कमी केलेले रुग्णाचे नाव पुन्हा लावून त्यास हजेरीसाठी दोन मिनिटे देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या गाडीच्या काचेवरील सूचना क्र. ४ – "पुकारा होताच रुग्णाने स्वतः तोंडी हजेरी द्यावी."

महोदय,

१. अर्जदाराचे पती बाजारात लिलाव पुकारत असत. एकतीस वर्षे त्यांच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता. घरी पोळीसुद्धा तीनदा पुकारून मागत. "अहो, जरा गप्प बसा," असे अर्जदार रोज म्हणत आली. गेल्या वर्षी मेंदूत गुठळी झाली आणि ते खरेच गप्प बसले. समजते सगळे, शब्द तेवढा बाहेर येत नाही. अर्जदाराला आता घर खायला उठते.

२. आपली गाडी मंगळवारी कोपऱ्यावर येते, याबद्दल आभारच आहेत. पहिल्या मंगळवारी आपल्या पुकारणाऱ्यांनी खिडकीतून तीनदा नाव घेतले. पती समोरच खुर्चीत बसून हात हलवत होते. सूचना क्र. ४ प्रमाणे हात चालत नाही, सबब गैरहजर.

३. पुढच्या मंगळवारी अर्जदाराने त्यांच्या वतीने खणखणीत "हजर" म्हटले. पुकारणारे वहीतून मान वर काढत नाहीत. त्यांनी शेरा मारला : "रुग्ण सुस्पष्ट बोलतो. आवाज किंचित बायकी. उपचाराची गरज नाही." हा शेरा खोडून घेण्यासाठी अर्जदार आपले जिने पाच वेळा चढली. "पण बाई, रुग्ण स्वतः येऊन तसं का सांगत नाही?" असे तेथे विचारण्यात आले. आता काय बोलावे!

४. अखेर शेरा खोडला गेला आणि नाव पंधरा दिवसांनंतरच्या यादीत लागले. ते पंधरा दिवस घरात त्या एकाच शब्दाचा सराव चालला. समोरचा इस्त्रीवालाही येता-जाता "काका, हजर!" म्हणून जाई. मंगळवारी पुकारा झाला. पतींनी ओठ जुळवले, मान ताणली, कपाळाला घाम फुटला. एकदा, दोनदा, तीनदा, आणि खिडकी बंद. गाडी वळणावर पोचली तेव्हा खुर्चीतून "हजर" आले. अख्ख्या गल्लीने ऐकले. इस्त्रीवाला टाळ्या वाजवत राहिला आणि एक सदरा जळाला. अर्जदार रडली, हे लिहायला लाज नाही. वहीत मात्र दुसरी गैरहजेरी लागली आणि नियमाप्रमाणे नाव कटले.

५. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठीच ही गाडी आहे, असे गाडीवरच रंगवलेले आहे. तरी पुकाऱ्यानंतर दोन मिनिटे थांबावे. लिलावात पतीसुद्धा गिऱ्हाइकाचा चेहरा बघून थांबत असत.

आपल्या गाडीकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
अर्जदार, रुग्णाची पत्नी
दिनांक : बुधवार, नाव कटल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत : दवाखान्याच्या कागदांची प्रत, "हजर" ऐकणाऱ्या अकरा शेजाऱ्यांच्या सह्या, जळका सदरा (पाहून परत करावा, मालक मागतो आहे).

ता. क. हा अर्ज पतींना मोठ्याने वाचून दाखवला. पाचव्या मुद्द्याशी त्यांनी हात वर केला, बराच वेळ खटपट केली आणि म्हणाले, "पुरे." अर्जदाराला असा संताप आला की ती त्यांच्याशी पाऊण तास भांडली. पण एकटीच. त्यांनी उलटून बोलावे, एवढ्यासाठीच हा अर्ज.