हवालदाराची रंगीत तालीम

५ जानेवारी, सोमवार
मिरजेला जाऊन आले. डावा गुडघा बदलायचाच. २ फेब्रुवारीला दाखल व्हायचं. डॉक्टर म्हणजे माझीच विद्यार्थिनी पूजा. नववीत वर्गात डबा खायची. आता मला दरडावते.
अट एकच. पायावर साधा ओरखडासुद्धा चालणार नाही. जखम दिसली तर ऑपरेशन रद्द. हे ऐकल्याबरोबर ह्यांनी, कुणी विचारलेलं नसताना, हवालदाराचं सगळं पुराण सांगितलं. पंचेचाळीस किलोचा धनगरी कुत्रा, मी दारात दिसले की दोन्ही पंजे माझ्या खांद्यावर. पूजा म्हणाली, मग तीन महिने त्याला दुसरीकडे ठेवा.
मी म्हटलं, गरज नाही. अठ्ठावीस दिवस हातात आहेत. बत्तीस वर्षं दहावीची पोरं सरळ केली. हा तर कुत्रा आहे.
परत येताना हे गाडीत म्हणाले की चार वर्षं ऑपरेशन पुढे ढकललंस. ढकललं नाही. आधी शाळा-तपासणी होती, मग माझी रिटायरमेंट, मग मुलाचं, वीरधवलचं लग्न, मग पाऊस. चारही कारणं भक्कम. पण फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला दोनच शब्द कळतात, गो आणि नो-गो.

६ जानेवारी, सकाळी ७
योजना तयार. शाळेच्या गॅदरिंगला जे केलं तेच करायचं. रंगीत तालीम. प्रत्यक्षात जसं होणार अगदी तसं, रोज.
ऑपरेशन होऊन मी येणार, फाटकाशी गाडीतून उतरणार, वॉकर घेऊन चार पायऱ्या चढणार, उंबऱ्याबाहेर थांबणार. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरतुकडा आणि पाणी तीनदा ओवाळून टाकणार. मग मी आत. तोवर हवालदाराने ओट्यावर गप्प बसायचं.
वॉकर अजून आणलेला नाही, म्हणून छत्री घेतली. ओवाळणं वगळून करू असं हे म्हणाले. आत्यांनी साफ नकार दिला. दवाखान्यातनं आलेलं माणूस तसंच घरात घेत नसतात. बरोबरच आहे. अर्धवट तालीम म्हणजे तालीमच नव्हे.
पहिली फेरी. भाकरी हवेत असतानाच त्याने झेलली आणि खाली येता येता माझ्या अंगावर आला. छत्रीची काडी मोडली.
गुण: दहापैकी दोन.

७ जानेवारी
सात फेऱ्या. सातही वेळा उडी. ओरडून घसा बसला. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, त्याला भाकरी दिसतीया. मी म्हटलं, डोळे आहेत तर दिसणारच. पेपर वाचा.

११ जानेवारी, रविवार
स्पष्ट प्रगती. आता मी आल्या आल्या तो उडी मारत नाही. आत्यांची तिसरी फेरी पूर्ण होईपर्यंत बसून राहतो, नजर माझ्या डोक्यावर, शेपटी जमिनीवर आपटत. तिसरी संपली की उडी. म्हणजे संयम आला. गणितही आलं. नववीच्या अर्ध्या वर्गाला तीनपर्यंत धड मोजता येत नव्हतं.
राणी स्वयंपाकाला येते, ती विचारत होती की बाई, कोण पाव्हणं आल्यात का, भाकऱ्या पुरंनात. शिळी भाकरी तो हुंगून सोडतो, म्हणून ताजी लागते. तिला सांगितलं, चार जास्त थाप आणि प्रश्न कमी विचार.
गुण: पाच.

१४ जानेवारी, संक्रांत
डोकं फिरलं आहे. शेजारच्या मनुबाई वाण द्यायला आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करायला हात वर नेला. हवालदार आला. तिळगूळ अंगणभर.
मनुबाई म्हणाल्या, गेली दहा वर्षं मी ह्या दारात येतीया, कुत्र्यानं कधी असं केलं न्हवतं. मी म्हटलं, उंबऱ्यात उभं कसं राहायचं ह्यालाही एक पद्धत असते. त्या न बसताच गेल्या. दोष कुत्र्याचा नाही. माणसं दारात उगाच हातवारे करतात.

१८ जानेवारी, रविवार
बिरदेव आला. जतकडचा. दरवर्षी ह्या दिवसांत त्याची मेंढरं आमच्या रानात खतासाठी बसतात. हवालदार त्याच्याच कळपातलं पिल्लू. पिल्लू आणलं तेव्हा ह्यांनी मुद्दाम स्वतःच्या खालचा हुद्दा दिला. घरात एकाने तरी ऑर्डर ऐकावी ही अपेक्षा असावी. ती पूर्ण झालेली नाही.
बिरदेवला पूर्ण तालीम दाखवली. उकिडवा बसून त्याने दोन फेऱ्या पाहिल्या, बराच वेळ हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "बाई, कुत्रं लय हुशार हाय. तुमी लई मन लावून शिकवलंय त्येला."
जाणकार माणूस. मी हे ह्यांना दोनदा ऐकवलं. हे उठून तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.
बिरदेव म्हणाला, न्हेऊ का तीन म्हैनं माज्यासंगं? मी म्हटलं, आता काय गरज?
गुण: सात.

२४ जानेवारी
रोज तीस फेऱ्या. गुडघा भोपळ्यासारखा सुजला आहे. पूजाचा फोन. मॅडम, एवढं चालताय कशाला, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याच अटीसाठी. मग ती गप्प बसली. दोष स्वतःवर आला की पोरं गप्प बसतात, हे नववीपासून तसंच आहे.

१ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
आज शेवटची तालीम. खरा वॉकर. खरी गाडी. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या.
हवालदार तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला नाही. पहिलीपर्यंतही नाही. आत्या भाकरी घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या तेव्हाच त्याने ओट्यावरून झेप घेतली. मी, वॉकर, तांब्या, तिघेही पायऱ्यांखाली. डाव्या नडगीवर तीन ओरखडे, चांगले लांब.
ह्यांनी मिरजेला फोन केला. आता २ मार्च. पुन्हा महिनाभर थांबायचं. घरातली सगळी माणसं माझ्याकडे अशी बघतायत जसं काही पडून मीच चूक केली. संताप येतो.

२ फेब्रुवारी
बऱ्याच दिवसांनी रात्री गाढ झोप लागली. औषधाचा परिणाम.

३ फेब्रुवारी
ह्यांनी कमांड हातात घेतली आहे. मला न विचारता. जेवायला बसलो असताना ऑर्डर सुटली. दारात भाकरी दिसता कामा नये. त्याने उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, ओरडायचं नाही, बघायचं नाही. चारी पाय जमिनीवर असले तरच हात फिरवायचा. बस.
मी म्हटलं, ह्याला शिस्त म्हणत नाहीत, ह्याला अबोला म्हणतात. आणि भाकरतुकड्याचं काय? वाटलं, आत्या तरी माझ्या बाजूने उभ्या राहतील. त्या म्हणाल्या, मी फाटकातच ववाळून गटारीकडं टाकीन की. उंबऱ्यालाच पायजे आसं कुठं लिवलंय? गेला महिनाभर हे त्यांना सुचलं नव्हतं. मुलाने सांगितलं की लगेच सुचतं.

१२ फेब्रुवारी
आज दोनच उड्या. ह्यांना वाटतं त्यांच्यामुळे. ऊन वाढायला लागलं आहे, कुत्री सुस्तावतात. एवढं साधं आहे.

२० फेब्रुवारी
पाच दिवस एकही उडी नाही. मी येते, तो बसतो, मी आत जाते. जानेवारीत मी पाया भक्कम घातला होता म्हणूनच हे झालं. पूजाला फोनवर तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, वा मॅडम, म्हणजे आता काहीच अडचण उरली नाही.
मी म्हटलं, नाही.
फोन ठेवल्यावर राणीला झापलं. कपडे वाळत घालायची पद्धत असते काही.

२६ फेब्रुवारी
ह्यांना शांतपणे समजावलं की २ मार्चला होळी आहे. घरची बाई दवाखान्यात आणि पुरण कोण घालणार? म्हणाले, पुरण राणी घालंल, होळी मी पेटवीन, त्यात तुझा गुडघा कुठं लागतोय?
मी म्हटलं, निदान गुढीपाडवा तरी होऊ दे.
त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढल्यावर हे फार वेगळे दिसतात. म्हणाले, "भ्या वाटत आसंल तर तसं सांग की. मी हाय."
मी भिते? शिक्षणाधिकाऱ्यांना ऑफिसबाहेर पाऊण तास बसवून ठेवलेली बाई मी. पुरात होडीतून दहावीचे पेपर आणले मी. हे सगळं त्यांना मोठ्या आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली.
रात्री मी जेवले नाही. तेवढंच कळावं.

१ मार्च, रविवार, दुपारी ३
बॅग भरून झाली. सगळे झोपलेत.
मी फाटकापर्यंत गेले आणि वॉकर घेऊन परत आले. चार पायऱ्या चढले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले. हवालदार ओट्यावर बसलेला. बसूनच राहिला.
सरळ परीक्षा घेतली. तशीच उभी राहिले, दहा मिनिटं. शेपटीसुद्धा हलवली नाही.
मग पदराआडून चतकोर भाकरी काढली. दुपारची, ताजी, वर तूप. परीक्षा म्हणजे कठीणच हवी. आत्या झोपलेल्या, म्हणून माझी मीच ओवाळली. एक. दोन. तिसरी फेरी मुद्दाम सावकाश केली, डोक्याच्या वर हात नेऊन. त्याला नीट दिसावी म्हणून भाकरी थोडी हलवलीही.
त्याने भाकरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. जांभई दिली आणि पंजांवर डोकं टेकवलं.
मी हळूच म्हटलं, ये.
नाही आला.
ओट्यावर त्याच्याशेजारी बसले. बसताना गुडघा असा वाजला की आतून ह्यांचा आवाज आला, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही, झोपा. हवालदाराने हातातली भाकरी दातांच्या टोकांनी हळूच काढून घेतली. माझ्या बोटाला ओला श्वाससुद्धा लागला नाही. नडगी पाहिली. कातडी स्वच्छ आहे. पूर्ण स्वच्छ.
बत्तीस वर्षांत कुणाला दिले नव्हते. हवालदार, दहापैकी दहा.
गाडी सकाळी साडेसहाला आहे.